जिऑलॉजीची पदवी करताना: वर्गातला खडक आणि घाटातला खडक

घाटात रस्ता रुंद करायला डोंगर कापतात आणि काळी-तांबडी उभी भिंत उघडी पडते. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिच्यासमोर नेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, हा कुठला दगड?" उत्तर येतं, बेसाल्ट. सगळे वहीत 'बेसाल्ट' लिहितात, भिंतीपुढे फोटो काढतात आणि गाडीकडे वळतात. त्या भिंतीत मात्र एकावर एक पसरलेले दोन-तीन लाव्हाप्रवाह असतात. दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात तयार झालेला विटकरी थर असतो. वायूचे बुडबुडे अडकून राहिलेल्या पोकळ्या असतात. नाव मिळालं की बघणं थांबतं, आणि जिऑलॉजी शिकण्यातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे असं माझं ठाम मत आहे.

मी पुण्यात बीएस्सी आणि एमएस्सी केलं. आता भूजलाच्या कामात आहे आणि जमेल तेव्हा मुलांबरोबर फील्डला जाते. ज्यांनी हा विषय घेतलाय किंवा घ्यायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सगळं सांगणं एका सवयीभोवती फिरतं: डोळ्याला दिसलं ते आधी लिहायचं, डोक्याला वाटलं ते नंतर लिहायचं, आणि दोन्ही वेगळं ठेवायचं.

प्रवेशाआधी विभागात एक चक्कर मारा

हा विषय शिकवणारी कॉलेजं आपल्याकडे मोजकीच आहेत. पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत सेंट झेवियर्स, नागपुरात शासकीय विज्ञान संस्था, गोव्यात मडगावचं चौगुले आणि पणजीचं धेंपे ही त्यातली काही. पुढे एमएस्सीसाठी पुणे, नागपूर, अमरावती, गोवा ही विद्यापीठं आणि आयआयटी मुंबई आहेत.

माहितीपत्रक वाचून फारसं कळत नाही. प्रॅक्टिकल चालू असताना विभागात जा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तीन गोष्टी विचारा. वर्षात फील्डचे दिवस किती मिळतात? पोलरायझिंग मायक्रोस्कोप किती जणांत एक आहे? म्युझियमची कपाटं प्रॅक्टिकलची वेळ सोडून उघडतात का? कुलूपबंद कपाटातला सुंदर नमुना कुणाला काही शिकवत नाही. विभाग लहान असला तरी हरकत नाही, पण वर्षातून निदान एक लांबची आणि दोन-तीन एक दिवसाच्या फील्ड असतील असाच विभाग निवडा. आणखी एक, आयआयटीत एमएस्सीला जायचं मनात असेल तर जॅम या प्रवेश परीक्षेची पात्रता पहिल्या वर्षीच नीट वाचून ठेवा. जोडीला कुठले विषय घ्यायचे हे त्यावरून ठरवता येतं.

पहिलं वर्ष: स्पॉटिंगच्या सापळ्यातून बाहेर

पहिल्या वर्षी खनिजं आणि खडक ओळखायला शिकवतात आणि परीक्षेला स्पॉटिंग असतं. टेबलावर नंबर लावलेले नमुने मांडलेले, प्रत्येकापुढे दोन-तीन मिनिटं. यात एक खोड लागते. विभागातले नमुने वर्षानुवर्षं तेच असतात, म्हणून मुलं खनिज लक्षात ठेवण्याऐवजी तो विशिष्ट तुकडा लक्षात ठेवतात. कोपऱ्यात टवका उडालेला गुलाबी तुकडा म्हणजे ऑर्थोक्लेज, पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेला जड तुकडा म्हणजे बराइट. मार्क मिळतात, पण फील्डमध्ये टवका न उडालेलं ऑर्थोक्लेज समोर आलं की ओळख पटत नाही.

यावर उपाय म्हणजे नमुना हातात घेतल्यावर नाव मनातही येऊ द्यायचं नाही. आधी काठिण्य: नखाने ओरखडा उठतो का, चाकूने उठतो का, तो काचेवर उठवतो का. मग पाटन, म्हणजे तो सपाट पृष्ठांवर फुटतो का, किती दिशांना, आणि त्या पृष्ठांमधला कोन काय. मग चमक, मग कस, म्हणजे झिलई नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर घासून उमटलेला रंग. रंग सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जास्त फसवणारा तोच. एवढं लिहून झाल्यावर नाव लिहा. पहिले दोन महिने हे संथ वाटतं, नंतर हात आपोआप त्याच क्रमाने चालतात.

सरावाला घरही पुरतं. ओट्यावरचा कडप्पा आणि अंगणातली शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडक आहेत. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब फरशीच्या उरलेल्या तुकड्यावर टाका, बुडबुडे येतात. पाटा-वरवंटा बहुतेक घरांत बेसाल्टचा, त्याच्यावर काही होत नाही. ओटा ग्रॅनाइटचा असेल तर भिंग घेऊन त्यात काचेसारखा क्वार्ट्‌झ, सपाट चमकणारं फेल्डस्पार आणि काळा अभ्रक वेगळे करून बघा. दुकानात ग्रॅनाइट म्हणून विकले जाणारे सगळेच दगड ग्रॅनाइट नसतात, हेही त्याच दिवशी कळेल.

मायक्रोस्कोप: चित्र काढल्याशिवाय उठू नका

थिन सेक्शन म्हणजे खडकाचा काचपट्टीवर चिकटवलेला, ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासलेला काप. एवढ्या पातळ कापातून प्रकाश आरपार जातो. साध्या प्रकाशात फिकट दिसणारा बेसाल्ट क्रॉस निकोलखाली, म्हणजे एकमेकांच्या काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमध्ये, टाकला की प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काड्या दिसतात, मध्ये ऑजाइट या खनिजाचे रंगीत कण, आणि स्टेज कितीही फिरवला तरी काळेच राहणारे लोह-ऑक्साइडचे ठिपके.

इथे मुलं मोबाइलने फोटो काढून मोकळी होतात. फोटो जरूर काढा, पण जर्नलमध्ये चित्र हातानेच काढा. चित्र काढताना प्रत्येक कणाच्या कडेशी निर्णय घ्यावा लागतो: ही काडी त्या कणाच्या आत शिरली आहे की कणाने काडीला वेढलंय? कुठलं खनिज आधी स्फटिकलं याचं उत्तर त्या कडेत असतं. थिओरीत वाचलेला स्फटिकीकरणाचा क्रम तेव्हा पहिल्यांदा खरा वाटतो.

फील्डला निघण्याआधीची संध्याकाळ

आपल्याकडे चांगलं फील्ड नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर गवत वाळून खाली बसेपर्यंत उतारावरचे खडक दिसतच नाहीत.

निघण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, मिळवा. १:५०,००० च्या शीटवर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर आणि समोच्च रेषांमधलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं, उंचीचं अंतर २० मीटर. जायच्या रस्त्यावर बोट फिरवत रेषा कुठे दाटतात ते बघा. दाट रेषा म्हणजे कडा, आणि कडा म्हणजे उघडा खडक असण्याची शक्यता. मग जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या भूकोश पोर्टलवर त्याच भागाचा भूशास्त्रीय नकाशा उघडा. इस्रोच्या भुवनवर किंवा गूगल अर्थवर तोच डोंगर वरून बघा. तासाभराचं काम आहे, पण दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरल्यावर आपण कुठे उभे आहोत हे विचारावं लागत नाही.

पिशवीत हातोडा, दहापट मोठं दाखवणारं हँडलेन्स, दिशा आणि उतार दोन्ही मोजणारा ब्रंटन किंवा क्लायनोमीटर कंपास, छोट्या ड्रॉपरच्या बाटलीत दहा टक्क्यांचं आम्ल, मोजपट्टी, नमुन्यांसाठी जाड पिशव्या, मार्कर, पेन्सिली आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची वही. पेन्सिलच घ्या, शाई ओल्या हाताने पसरते. हातोडा चालवताना डोळ्यांवर साधा गॉगल हवाच, बेसाल्टची कपची काचेसारखी उडते. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे.

मुलींसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. दिवसभर घाटात स्वच्छतागृह नसतं, म्हणून अनेक जणी पाणी पिणंच बंद करतात आणि दुपारी चक्कर येते. आदल्या दिवशीच शिक्षकांना विचारा की गाडी कुठे कुठे थांबणार, आणि ढाबा, ग्रामपंचायत किंवा शाळा असलेले थांबे ठरवून घ्या. पाळीचे दिवस असतील तर पॅड आणि कागदी पिशव्या जवळ ठेवा. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या विभागात ते सहज विचारता येतं तिथल्या मुली फील्ड सोडत नाहीत.

भिंतीसमोर: एका घाटाचं उदाहरण

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट घ्या. दख्खनच्या लाव्हाप्रवाहांच्या एका मोठ्या गटाला याच घाटाचं नाव दिलेलं आहे. माथ्यावर जांभा, खाली प्रवाहामागून प्रवाह. हे प्रवाह सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे.

गाडीतून उतरल्यावर आधी मागे या. रस्त्याच्या सुरक्षित बाजूला, वाहनं दिसतील अशा जागी उभे राहा आणि दहा मिनिटं हातोडा पिशवीतच ठेवा. वर सुटे दगड लोंबत नाहीत ना बघा. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तिथून मुकाट निघा. त्या जागी हातोडा, धूर, उग्र अत्तर काहीही नको.

मग उजव्या पानावर पूर्ण भिंतीचं रेखाटन करा. चित्रकला यायची गरज नाही, रेषा खऱ्या हव्यात. जागेचं नाव, तारीख, जीपीएसची नोंद, तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि प्रमाणासाठी शेजारी उभा असलेला एक माणूस, एवढं त्या चित्रात असलंच पाहिजे. भिंतीत रंग आणि पोत जिथे बदलतो तिथे रेषा ओढा आणि पट्ट्यांना खालून वर अ, ब, क अशी अक्षरं द्या. खडकाचं नाव अजूनही नाही.

आता जवळ जा आणि खालून वर चढत प्रत्येक पट्टी वाचा. समजा अ ही पट्टी वरच्या भागात पोकळ्यांनी भरलेली आहे. पोकळ्यांत पांढरं, कधी हिरवट खनिज आहे. आम्लाचा थेंब टाका: फसफसलं तर कॅल्साइट, नाही फसफसलं आणि मोत्यासारखी चमक असेल तर स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइटसारखं झिओलाइट असू शकतं. चाकूने ओरखडा उठेना, तर क्वार्ट्‌झच्या कुळातलं काही. त्यावर ब, हाताने कुस्करता येणारा विटकरी थर. जाडी मोजपट्टीने मोजा, अंदाजाने लिहू नका. त्यावर क. त्याच्या तळाशी बारीक उभ्या नळ्यांसारख्या पोकळ्या सापडतात का बघा, त्या वाकलेल्या असतील तर कुठल्या दिशेला ते नोंदवा. मधला भाग घट्ट, उभ्या सांध्यांनी तडकलेला. वर पुन्हा पोकळ्या.

एवढं झाल्यावर डाव्या पानावर या. आता अर्थ लावायचा. अ हा जुना प्रवाह, त्याच्या माथ्याशी वायू अडकले म्हणून पोकळ्या. ब हा रेड बोल, म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात झीज होऊन साचलेला आणि वरच्या तापत्या लाव्हाने भाजला गेलेला थर. क हा नवा प्रवाह. वाकलेल्या नळ्या लाव्हाच्या वाहण्याची दिशा सुचवतात. प्रत्येक वाक्यापुढे कंसात लिहा की ते कुठल्या निरीक्षणावरून म्हणताय. ज्याला आधार सापडत नाही त्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. प्रश्नचिन्हांनी भरलेलं डावं पान चांगल्या विद्यार्थ्याचं असतं. दुरुस्ती करायची वेळ आली तर डावं पान बदलायचं, उजवं कधीच खोडायचं नाही.

दोन चुका हमखास होतात. प्रवाहांचे आडवे पट्टे लांबून गाळाच्या थरांसारखे दिसतात, म्हणून घाईत कुणी 'वालुकाश्म' लिहून जातं. आणि बेसाल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल धोंडे तयार होतात, त्यांना पाण्याखाली गोठलेला पिलो लाव्हा समजलं जातं. दोन्ही चुका आधी नाव आणि मग बघणं यातून येतात.

डिप-स्ट्राइक, आणि माझा वाया गेलेला दिवस

पुस्तकात नती आणि नतिलंब, बोलताना डिप-स्ट्राइक. तिरक्या थरावर काढता येणारी आडवी रेषा म्हणजे स्ट्राइक, आणि तिच्या काटकोनात थर सगळ्यात जास्त जिथे उतरतो तो डिप. गोंधळ उडाला तर बाटलीतलं थोडं पाणी थराच्या पृष्ठावर ओता. ओघळ जिकडे जाईल ती डिपची दिशा. पृष्ठ खडबडीत असेल तर वहीचा पुठ्ठा त्यावर टेकवा आणि पुठ्ठ्यावर कंपास ठेवा. एका जागी निदान तीन वाचनं घ्या. रस्त्याच्या कापात दिसणारा उतार बहुतेक वेळा खरा डिप नसतो, काप तिरका गेला की उतार कमी भासतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांची अडचण अशी की आपले प्रवाह जवळजवळ आडवे. हाताला सवय व्हायला तिरके थर मिळतच नाहीत. मुंबई-पनवेलकडे प्रवाह पश्चिमेला झुकलेले सापडतात, पण खरा सराव होतो तो लांबच्या टूरवर. आमची टूर बदामी-बागलकोटच्या कलादगी नावाच्या जुन्या गाळाच्या खडकांत गेली होती. दिवसभर मी क्वार्ट्‌झाइटवर वाचनं घेतली, रात्री मैत्रिणीच्या वहीशी ताडून पाहिली, तर माझ्या सगळ्या दिशा सरकलेल्या. माझा हातोडा दिवसभर कमरेच्या पट्ट्यात होता आणि कंपासची सुई त्याच्याकडे ओढली जात होती. तेव्हापासून वाचन घेताना हातोडा पंधरा-वीस पावलं लांब ठेवते. मोबाइल आणि चुंबकाच्या बटणाचं पाकीटही अंगावर ठेवत नाही. त्या वहीच्या पानावर मी वाचनं खोडली नाहीत, 'हातोडा जवळ होता' एवढं लिहिलं.

त्याच टूरवर, खालचे घड्या पडलेले थर आणि त्यांच्यावर आडवे बसलेले बदामीचे लाल वालुकाश्म एकत्र पाहिले. दोन्हींच्या मधली असंगती, म्हणजे थर आधी वाकले, झिजले आणि मग त्यांच्यावर नवे थर बसले यात गेलेला काळ, फळ्यावरच्या एका नागमोडी रेषेत मला कधीच कळला नव्हता.

नमुने

मुठीएवढा, ताजा फुटलेला, एका बाजूला झिजलेलं पृष्ठ राखलेला तुकडा पुरतो. फोडल्याबरोबर त्यावरच नंबर लिहा, तोच नंबर पिशवीवर आणि तोच वहीतल्या रेखाटनावर. 'गाडीत बसल्यावर लिहू' म्हटलं की घरी बारा सारखे काळे दगड येतात आणि त्यांचा काहीच उपयोग होत नाही.

जिथे तोडायचं नाही तिथे हातोडा बाहेरच काढू नका. लोणारचं विवर बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. ते वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे स्तंभ, निघोजचे रांजणखळगे, लेणी आणि गडांचे कडे हे सगळं बघायचं आणि चितारायचं. खाणीत परवानगीशिवाय आणि सुरुंगाच्या वेळेला शिरायचं नाही.

लांबच्या टूर आणि रात्रीचा तास

नागपूरकडची मुलं याबाबत भाग्यवान. एका जिल्ह्याच्या आवाक्यात त्यांना सौसर समूहाचे रूपांतरित खडक आणि मनसरचं मँगनीज, गोंडवनाचे कोळसाधारी थर, लॅमेटा हे गाळाचे थर आणि दख्खनचे प्रवाह एवढं सगळं मिळतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरचे जीवाश्म मिळालेत, सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. इतरांनी एकदा विदर्भ, एकदा कलादगी किंवा गोवा आणि जमल्यास ज्युरासिक जीवाश्मांसाठी कच्छ, एवढं तीन वर्षांत पदरात पाडून घ्यावं. टूरचा खर्च जड जात असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच विभागप्रमुखांशी बोला, ऐन वेळी मार्ग काढणं अवघड जातं.

टूरवर रोज रात्री एक तास राखून ठेवा. जेवणानंतर गप्पांच्या आधी. पेन्सिलच्या पुसट रेषा गिरवायच्या, नमुन्यांची यादी ताडायची, दिवसभराची ठिकाणं टोपोशीटवर टाकायची आणि एक छेद काढायचा: आज गेलो त्या रेषेवर जमीन उभी कापली तर काय दिसेल. छेद जुळत नसेल तर कुठेतरी एक वाचन चुकलंय किंवा एक प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याची रेषा, नजरेतून सुटलाय. दुसऱ्या दिवशी त्याच भागात असाल तोवरच ते तपासता येतं. घरी येऊन महिन्याने रिपोर्ट लिहिणाऱ्यांचे छेद नेहमी सुंदर जुळतात, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर भरवसा वाटत नाही.

पुढच्या परीक्षा

यूपीएससीची कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा एमएस्सीनंतर जिऑलॉजिकल सर्व्हे आणि केंद्रीय भूजल मंडळाचं दार उघडते, गेटने संशोधन आणि काही सरकारी कंपन्यांचा रस्ता मिळतो. व्हायव्हा असो की मुलाखत, फील्डची वही सोबत न्या. "हे तुम्ही स्वतः पाहिलंय का?" या प्रश्नाला वहीचं पान पुढे करता येणं यासारखं उत्तर नाही.

या रविवारी

फील्डसाठी टूरची वाट बघायची गरज नाही. गावाकडे किंवा शहराच्या कडेला नवी विहीर खोदली जात असेल तिथे जा. मालकाची परवानगी घ्या, काठापासून लांब उभे राहा, आत उतरू नका. विहीर खोदणाऱ्या मामांना विचारा की काय काय लागलं. ते सांगतील: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग गेरू, मग काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे पोकळ्या भरलेला मऊसर बेसाल्ट, गेरू म्हणजे तुमचा रेड बोल, काळा पाषाण म्हणजे प्रवाहाचा घट्ट मधला भाग. पाणी कुठे फुटलं, तेही त्यांना हातभर अचूक माहीत असतं. उजव्या पानावर विहिरीचा उभा छेद काढा, प्रत्येक थरापुढे त्यांचा शब्द लिहा, खोली त्यांच्या 'पुरुष' या मापात (माणसाच्या उंचीएवढं) आणि तुमच्या मीटरमध्ये लिहा. वर काढून टाकलेल्या ढिगाऱ्यातून प्रत्येक थराचा एकेक तुकडा उचला, नंबर टाका आणि सोमवारी प्रॅक्टिकलला घेऊन जा.